मस्टरवरचं आडनाव

आमची मुलगी तीन दिवसांची झाली आणि आम्ही तिला जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या घरी घेऊन आलो, तेव्हा इस्पितळाने दिलेल्या पिशवीत थोडे डायपर, एक लोकरीची टोपी आणि एक फॉर्म होता. माझं आडनाव वेगळं, नवऱ्याचं वेगळं. बाळाला त्यातलं कुठलं लावायचं ते आम्ही दोघांनी मिळून ठरवायचं आणि श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्म-विवाहाच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत जाऊन सह्या करायच्या, असं त्यात लिहिलं होतं. मुदत महिन्याभराची. पहिल्या मुलाला जे लावाल तेच पुढच्या मुलांनाही लागेल, हेही खाली ठळक अक्षरांत होतं.

नवऱ्याने तो फॉर्म फ्रिजला चुंबकाने लावून टाकला. "बघू निवांत," तो म्हणाला.

पण घरात सासूबाई होत्या. माझ्या बाळंतपणासाठी त्या अमरावतीहून आल्या होत्या, डिंक, खारीक आणि अळीव घेऊन. उभा जन्म त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. कुठलाही छापील कागद दिसला की चष्मा लावून वाचायचा, ही त्यांची सवय. जर्मन येत नसल्यामुळे त्यांनी तो फॉर्म मुलाकडून वाचून घेतला.

"यात निवांत बघायचं काय आहे?" त्या म्हणाल्या. "बाळाला बापाचं आडनाव लागतं."

"इथे विचारतात, आई."

"विचारू देत. आपण सांगायचं."

मी बाळाला पाजत होते. लग्नानंतर मी आडनाव बदललं नव्हतं. डिग्री, पासपोर्ट, नोकरीचा करार सगळं जुन्याच नावावर आहे, बदलायला फार खटपट आहे, असं कारण मी तेव्हा पुढे केलं होतं आणि सासूबाईंनी ते चालवून घेतलं होतं. खरं तर मला ते आडनाव सोडायचंच नव्हतं.

माझं आडनाव टर्नर.

महाराष्ट्रात हे सांगितलं की समोरचा माणूस पुन्हा एकदा माझ्या तोंडाकडे बघतो. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना मी भाड्याने खोली शोधत होते. एका घरमालकीणबाईंनी दारातच विचारलं, "आडनाव काय?" मी सांगितलं. "म्हणजे तुम्ही..." एवढं म्हणून त्या थांबल्या. त्यांचं वाक्य मीही पुरं केलं नाही. त्यांनी मनाशी मला ख्रिश्चन ठरवलं आणि खोली दिली. दोन महिन्यांनी पप्पा मला भेटायला आले. निघताना त्यांनी बाईंना हात जोडून "जयभीम" केला. खोली काही त्यांनी काढून घेतली नाही, पण त्या रोज द्यायच्या तो संध्याकाळचा चहा बंद झाला.

जर्मनीत आले तर इथे वेगळीच तऱ्हा. आम्ही आधी स्टुटगार्टमध्ये घर शोधत होतो. नवऱ्याच्या नावाने पाठवलेल्या ईमेलना उत्तरच येईना. माझ्या नावाने पाठवायला लागलो तर लगेच घर बघायला बोलावणी येऊ लागली. दार उघडणाऱ्याची नजर मात्र माझ्या खांद्यावरून मागे जिन्यात जायची, कुणीतरी गोरी बाई वर येत असेल म्हणून. मला त्याची चीड यायची. आडनावाचा मला अभिमान होता, पण त्या गैरसमजाच्या आधारावर मिळणारं काही नको वाटायचं. शेवटी ज्या म्हाताऱ्या बाईंनी मला नीट बघून, दोन प्रश्न विचारून घर दिलं, त्यांच्याकडेच आम्ही राहिलो. पुढे मला नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. नवरा अजून रोज आगगाडीने स्टुटगार्टला जातो.

कारखान्यात मी यंत्रांवर कातलेल्या भागांची मापं तपासणाऱ्या विभागात आहे. एकदा आम्हाला यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीचा एक इंग्रज इंजिनिअर आला होता. त्याचंही आडनाव टर्नर. मीटिंगमध्ये समोरासमोर दोन पाट्या, दोन्हींवर टर्नर. सगळे हसले. जेवणाच्या सुट्टीत त्याने मला विचारलं, "तुमच्याकडे हे नाव कुठून आलं?" मी म्हटलं, "आधी तुमचं सांगा." तो म्हणाला, इंग्लंडमध्ये फार जुन्या काळी लाकूड लेथवर फिरवून वाडगे, पेले, खुर्च्यांचे पाय करणारे लोक असत, त्यांना टर्नर म्हणत. सुताराचा मुलगा सुतार, तसा टर्नरचा मुलगा टर्नर. मग धंदा सुटला आणि नाव राहिलं. आपल्या घराण्यात नेमकं कोण लेथवर बसत होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने चर्चच्या जुन्या वह्यांतून बराच शोध घेतला होता, पण चार-पाच पिढ्यांमागे सगळे शेतमजूरच निघाले आणि पुढे माग लागेना.

"आणि तुमचं?" त्याने विचारलं.

"माझ्या आजोबांपासून," मी म्हटलं. "लेथवरचे पहिले तेच आणि आडनावाचेही पहिले तेच."

तो हसला. मग म्हणाला, "तुम्ही माझ्यापेक्षा जास्त टर्नर आहात." मी घरी येऊन हे पप्पांना फोनवर सांगितलं, तर ते कितीतरी वेळ नुसते "अच्छा, अच्छा" म्हणत होते.

सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं.

विषय निघाला तो हेबामेमुळे. हेबामे म्हणजे सुईण. इथे ती बाळ-बाळंतिणीला तपासायला घरी येते. आमची हेबामे मोठी गमती बाई. बाळाला वजनाच्या झोळीत घालताना बाळ सारखे पाय झाडत होतं. बाई म्हणाली, "बघा, खरी टुर्नर आहे." आणि स्वतःच हसली. जर्मन भाषेत त्याच अक्षरांचा उच्चार टुर्नर होतो आणि अर्थ होतो जिम्नॅस्ट.

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाली?" मी अर्थ सांगितला.

"आमच्या नातीला कसरतवाली म्हणते का ही?" त्या म्हणाल्या. बाई गेल्यावर मग त्यांनी मनातलं बोलून टाकलं. "हे बघ, मी तुला सून म्हणून काही कमी केलं नाही. तुझं आडनाव तू ठेवलंस, मी बोलले नाही. पण आपल्या माणसांनी किती खस्ता खाऊन नावं कमावली, आणि माझ्या नातीच्या नावापुढे इंग्रज साहेबाचं नाव? लोक म्हणतील, यांचा कोणी पूर्वज साहेबाच्या बंगल्यावर होता."

मला ते लागलं. "साहेबाचं नाही ते, आई. माझ्या आजोबांचं आहे."

"मग सांग ना. कसं काय?"

बाळ झोपलं होतं. दुपारची वेळ होती. त्या समोर खुर्ची घेऊन बसल्या, आणि मी लहानपणापासून ऐकत आले ते सांगितलं.

आजोबा खानदेशातल्या एका रेल्वेच्या गावी वर्कशॉपमध्ये खलाशी म्हणून लागले. खलाशाचं काम म्हणजे झाडायचं, उचलायचं, तेल घालायचं आणि लेथखाली साचलेला लोखंडाचा कीस घमेल्यात भरून बाहेर टाकायचा. लेथवर लोखंडाचा तुकडा गरगर फिरतो आणि कारागीर हत्याराने त्याला घाट देतो. तो कारागीर म्हणजे टर्नर. आजोबांना लेथला हात लावायची मुभा नव्हती. त्यांच्यासाठी पाण्याचा माठही वेगळा होता. मस्टरवर, म्हणजे हजेरीच्या वहीत, त्यांच्याच नावाचे आणखी दोघे होते. ओळखायला काहीतरी हवं म्हणून कारकुनाने आजोबांच्या नावापुढे त्यांची जात लिहिली होती. रोज सकाळी हजेरी व्हायची, तेव्हा ती जात खात्यात मोठ्याने वाचली जायची आणि आजोबा "हाजिर" म्हणायचे.

त्या खात्यात लेथवर एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांना मोतीबिंदू झाला होता आणि नोकरी जाईल म्हणून त्यांनी तो लपवला होता. एके दिवशी कीस भरता भरता आजोबांच्या लक्षात आलं की मिस्त्री मायक्रोमीटर डोळ्यांजवळ नेतात, लांब धरतात, पुन्हा जवळ आणतात. आजोबा चौथीपर्यंत शिकलेले होते. त्यांनी घमेलं खाली ठेवलं आणि वाकून हळूच आकडा सांगितला. मिस्त्रींनी आजूबाजूला पाहिलं. "परत सांग," ते म्हणाले. आजोबांनी परत सांगितला.

तेव्हापासून मिस्त्रींच्या कामाची मापं आजोबा घेऊ लागले. पुढे मिस्त्रींनी त्यांना हत्याराला धार लावायला शिकवलं, मग तुकडा यंत्रात मधोमध बांधायला, मग कापायला. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे बाहेर गेले की हे चालायचं. असं दोन-अडीच वर्षं चाललं. मिस्त्रींचा निवृत्तीचा महिना आला, तेव्हा ते स्वतः आजोबांना घेऊन फोरमनपुढे उभे राहिले. फोरमन अँग्लो-इंडियन होते. मिस्त्री म्हणाले, "साहेब, मला दिसत नाही. माझं निम्मं काम या पोराने केलंय. एकही नग परत आलेला नाही. बघून घ्या."

फोरमन आधी मिस्त्रींवर भडकले. मग म्हणाले, "टेस्ट देऊ दे."

टेस्ट म्हणजे एक दांडा कातायचा आणि तो ज्यात बसेल अशी नळी, म्हणजे बुश, कातायची. दोन्ही इतके नेमके की तेल लावून दांडा बुशमध्ये सोडला आणि खालच्या तोंडावर अंगठा दाबला, तर दांडा आतल्या हवेवरच अडकून राहिला पाहिजे. अंगठा काढला की सावकाश खाली आला पाहिजे. सैल झाला तर धाडकन पडतो, घट्ट झाला तर शिरतच नाही. आजोबांनी अख्खा दिवस घेतला. फोरमननी तेल लावलं, अंगठा दाबला, दांडा सोडला. तो थांबला. अंगठा काढला. तो आला खाली, सावकाश. फोरमननी ते तीनदा करून पाहिलं.

मग त्यांनी मस्टरच्या कारकुनाला बोलावलं आणि सांगितलं, याच्या नावापुढचं ते काढ आणि याचं काम लिही. कारकुनाने जातीवर रेघ मारली आणि इंग्रजीत लिहिलं, टर्नर. दुसऱ्या दिवशी हजेरीला तेच वाचलं गेलं. दोन टर्नरांनी आजोबांच्या शेजारच्या लेथवर बसायला नकार दिला. फोरमन म्हणाले, मग घरी बसा. ते आले कामावर. माठ मात्र आणखी वर्षभर वेगळाच राहिला.

सासूबाई हे सगळं हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. मी थांबले तेव्हा म्हणाल्या, "हे झालं मस्टरवर. मस्टर म्हणजे काही आडनाव नव्हे. शाळेत कसं लागलं? आडनाव शाळेत लागतं. मी माझ्या हाताने कित्येक पोरांची लावली आहेत."

हे खरं तर पप्पांनाच चांगलं ठाऊक होतं, कारण शाळेत नाव त्यांचं घातलं गेलं होतं. मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सासूबाईंच्या हातात दिला.

"नमस्कार, ताई," पप्पा म्हणाले. "बाळ कसं आहे?"

"बाळ छान आहे. तुम्ही मला तुमच्या शाळेच्या दाखल्याचं सांगा," सासूबाई म्हणाल्या.

पप्पा हसले आणि सांगू लागले. "मी वडिलांचं बोट धरून उभा होतो. हेडमास्तर टेबलापाशी, पुढ्यात ते मोठं रजिस्टर. त्यांनी विचारलं, आडनाव? वडिलांनी खिशातून रेल्वेचा पास काढून ठेवला. म्हणाले, यावर आहे ते लिहा. हेडमास्तरांनी पाहिलं. म्हणाले, अरे, हे आडनाव नाही, हे काम आहे. तर वडील म्हणाले, गुरुजी, पाटील काय आहे? कुलकर्णी काय आहे? देशमुख काय आहे? तीही कामंच ना. त्यांना त्यांची कामं वाडवडिलांनी दिली. माझं मी शिकून घेतलं."

"मग?" सासूबाईंनी विचारलं.

"मग काही नाही. हेडमास्तर थोडा वेळ पेन धरून बसले. आणि लिहिलं."

"आणि जातीच्या रकान्यात?"

"बौद्ध. ते तर वडिलांनी आधीच सांगितलं होतं. दीक्षा घेऊन आलेले होते ते."

सासूबाईंनी मान हलवली. पप्पा पुढे म्हणाले, "ताई, आमच्या काकांनी नंतर गावाचं नाव लावलं, शेवटी 'कर' जोडून. मलाही म्हणाले, गॅझेटमध्ये देऊन बदलून टाक, लोक ख्रिश्चन समजतात. तेव्हा मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडलाच इन्स्ट्रक्टर होतो. मुलं हसायची, टर्नरचे सर टर्नर. मी म्हटलं, हसू देत. मी नाही बदलणार. वडिलांना विचारलं सुद्धा नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, तुझी मर्जी. मला ते ऐकायचं नव्हतं."

फोन ठेवल्यावर सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. अळिवाची खीर ढवळत बराच वेळ उभ्या होत्या. मी बाळाला खांद्यावर घेऊन दाराशी गेले, तेव्हा त्या माझ्याकडे न बघता बोलल्या.

"आमचं आडनावही गावावरून आहे. तुझ्या आजेसासऱ्यांनी लावलं. जुनं सांगायची लाज वाटायची म्हणून. चांगलंच वाटतं ते, भारदस्त. पण ज्या गावाने त्यांना विहिरीवर पाय ठेवू दिला नाही, त्याच गावाचं नाव आपण मिरवतो. इतकी वर्षं माझ्या हे डोक्यातच आलं नाही बघ."

मी म्हटलं, "आई, ते नावसुद्धा तुम्ही लोकांनी शिकून मोठं केलंत. गावाने नाही."

"ते आहेच," त्या म्हणाल्या आणि गॅस बंद केला.

संध्याकाळी नवरा आला. त्याने मधला मार्ग शोधून काढला होता. आता इथे दोन्ही आडनावं जोडून लावता येतात, असं त्याला ऑफिसात कुणी सांगितलं होतं. "मग दोन्ही लावू," तो म्हणाला. "कुणाला वाईट वाटायला नको."

"एकच लिहा," सासूबाई म्हणाल्या. "एका रकान्यात दोन नावं लिहिली की पोर जन्मभर समजावत बसतं. मी पाहिली आहेत अशी पोरं. टर्नर लिहा."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खरंच काही केलं नव्हतं. त्याने विचारलं, "आई, नक्की?"

"तुझं नाव तुला आहेच. ते काही कुणी काढून घेत नाही. हिच्या पणजोबांनी हे स्वतःच्या हाताने कमावलंय. आपल्या घरात असं दुसरं काय आहे दाखव मला."

त्याला थोडं लागलं होतं, हे मला दिसत होतं. जेवणं झाल्यावर भांडी मशिनमध्ये लावताना तो म्हणाला, "मला चालेल. फक्त पप्पांना कोण सांगणार?" त्याचे पप्पा, माझे सासरे, अमरावतीलाच होते. सासूबाईंनी तिथल्या तिथे फोन लावला. "अहो, ऐकता का," एवढं आम्हाला ऐकू आलं, मग त्या आतल्या खोलीत गेल्या. वीस मिनिटांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "असो म्हणाले." सासरे 'असो' म्हणतात तेव्हा त्यांना पटलेलं नसतं, पण विषय संपलेला असतो.

श्टांडेसआम्टमध्ये जायच्या दिवशी सासूबाई आमच्याबरोबर निघाल्या. निळी साडी, वर माझा जाड कोट, पायात मोजे. नोंद करणारी बाई तरुण होती. तिने आमचे पासपोर्ट पाहिले, आमच्याकडून ते ठरल्याचं तोंडी विचारून घेतलं आणि संगणकावर टाइप केलं. मग स्क्रीन आमच्याकडे वळवून म्हणाली, स्पेलिंग तपासा. आम्ही दोघं वाकलो, तोच सासूबाई चष्मा लावून मध्ये आल्या. एकेक अक्षर बोट न टेकवता बोटाने मोजलं. "बरोबर आहे," त्या मराठीत म्हणाल्या. बाईला ते कळलं असावं, कारण तिने मान डोलावली.

मग तिने मला विचारलं, "उच्चार कसा करायचा? टुर्नर?"

"टर्नर," मी म्हटलं. "तुमच्याकडे ड्रेहर म्हणतात ना, तेच. लेथवर काम करणारा."

"आह, ड्रेहर," ती म्हणाली. "आमच्या गावात निम्मी घरं ड्रेहरांची आहेत." आणि तिने सही करायला पेन दिलं. मी सही केली. नवऱ्याने माझ्यानंतर सही केली, नेहमीपेक्षा जरा मोठी.

जन्मदाखला हातात आला तेव्हा सासूबाईंनी तो माझ्याकडून घेतला आणि बसस्टॉपपर्यंत त्यांनीच धरून आणला, पिशवीत न घालता.

त्या तीन महिने राहिल्या आणि परत गेल्या. पंधरा दिवसांनी पप्पांचा फोन आला. ते हसत होते. सासूबाईंनी विहारात नातीच्या जन्माचे पेढे वाटले आणि उभं राहून पाच मिनिटं भाषण केलं म्हणे. पप्पांना त्याचा व्हिडिओ कुणीतरी पाठवला होता. "तुझ्या सासूबाईंनी माझ्या बापाला फोरमनकडून सलाम ठोकवलाय," पप्पा म्हणाले. "आणि टेस्ट चार तासांत संपवलीय. अख्खा दिवस लागला होता त्यांना."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं का?"

"नाही," पप्पा म्हणाले. "मी तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला."